वाणाचं नाव आणि वाणाचा डीएनए: चार विद्याशाखांचं एकत्र संशोधन कसं उभं करावं

रताळं मूळचं अमेरिका खंडातलं. तरीही युरोपीय जहाजं पॅसिफिक महासागरात शिरली तेव्हा पॉलिनेशियातल्या बेटांवर त्याची लागवड आधीपासूनच होत होती. तिथल्या भाषांमध्ये त्याला 'कुमारा' किंवा त्याच्या जवळपासचं नाव आहे, आणि अँडीज पर्वताच्या भागातल्या केचुआ बोलींमध्ये 'कुमार', 'कुमाल' अशी नावं नोंदलेली आहेत. त्यावरून भाषेच्या अभ्यासकांनी दोन्हीकडच्या माणसांचा संपर्क आला असावा असं म्हटलं. २०१३ मध्ये जुन्या वनस्पतिसंग्रहांतल्या नमुन्यांचा डीएनए तपासणाऱ्या एका गटाने याला दुजोरा दिला. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने, जेम्स कुक यांच्या १७६९ च्या सफरीत गोळा झालेला नमुनाही तपासून, उलटा निष्कर्ष काढला: पॉलिनेशियातला हा वंश एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वी वेगळा झाला, म्हणजे वनस्पती माणसाशिवायच समुद्र ओलांडून गेली असावी. मग २०२० मध्ये माणसांच्याच डीएनएवरून दिसलं, की इ.स. १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकी लोकांचा संबंध आला होता.

हे निष्कर्ष एकमेकांना खोडतात असं वरवर वाटतं. पण शब्द माणसाबरोबर प्रवास करतो, आणि बी पाण्याबरोबरही जाऊ शकतं. प्रत्येक शाखेचा पुरावा वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतो. भाषाशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आंतरसांस्कृतिक अभ्यास आणि शेती यांना जोडणारं संशोधन करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून हे ध्यानात ठेवावं लागतं. या लेखात मी एकच विषय घेऊन पायरीपायरीने जाणार आहे: शेतकरी पिकांच्या वाणांना जी नावं देतात ती, आणि त्या वाणांची जनुकीय ओळख. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा तीन-चार जणांच्या गटाला झेपेल असा हा विषय आहे, आणि चारही शाखांची त्यात खरीखुरी गरज पडते.

प्रश्न आधी ठरवा

'अमुक पिकाचं भाषिक, सांस्कृतिक आणि जनुकीय वैविध्य' हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: शेजारी राहणारे पण वेगळ्या भाषा बोलणारे शेतकरी एकाच वाणाला वेगवेगळी नावं देतात, की त्यांच्याकडचे वाणच वेगळे आहेत? याची एक कसोटी आहे. प्रश्नातून एखादी शाखा काढून टाकली तरी उत्तर मिळत असेल, तर ती शाखा तिथे शोभेपुरती आहे. ती खुशाल वगळा. अनुदानाच्या अर्जात चार शाखांची नावं दिसावीत म्हणून तिला ओढत नेऊ नका.

हा प्रश्न आधी विचारला गेलेला आहे, आणि उत्तरं सरळ आलेली नाहीत. मेक्सिकोतल्या चियापास राज्यात त्झोत्झिल आणि त्झेल्ताल या दोन भाषा बोलणाऱ्या समाजांच्या मक्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कणसांच्या आणि झाडांच्या गुणांत दोन समाजांच्या मक्यात फरक दिसला, पण आयसोझाइम या जैवरासायनिक खुणांमध्ये तो दिसला नाही. २०१४ मध्ये आफ्रिकेतल्या ज्वारीवर झालेल्या अभ्यासात मात्र ज्वारीचे जनुकीय गट आणि भाषाकुलं यांची चांगली जुळणी आढळली. त्याच अभ्यासात दक्षिण सुदानमधल्या पारी समाजाची ज्वारीही होती. १९८३ मध्ये गोळा केलेल्या आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा गोळा केलेल्या नमुन्यांची तुलना केल्यावर दिसलं, की मधल्या काळात युद्ध होऊनही त्या समाजाने आपले वाण सांभाळून ठेवले होते.

यातून काम सुरू करण्याआधीचा नियम निघतो: 'वेगळं' कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा. दिसण्यात वेगळं, वाढीत वेगळं की डीएनएत वेगळं? शिवाय 'वाण' म्हणताना पैदासकाराच्या मनात नोंदणी झालेला, एकसारखा वाण असतो, तर शेतकऱ्याच्या मनात तो दरवर्षी निवडून राखत असलेलं बियाणं. गटाच्या पहिल्याच बैठकीत यावर अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या.

मग कागदावर चार चौकटी आखा: नाव एक आणि डीएनए एक, नाव एक पण डीएनए वेगळा, नावं वेगळी पण डीएनए एक, दोन्ही वेगळे. प्रत्येक चौकटीत नमुने पडले तर त्याचा अर्थ काय लावणार, हे नमुने गोळा करण्यापूर्वी लिहा. घानामधल्या कसावाच्या (खाण्याजोग्या मुळांचं एक पीक) अभ्यासात दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत बरेच नमुने सापडले होते. त्यामुळे त्या रिकाम्या राहतील असं गृहीत धरू नका.

परवानगी आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

परवानगी सरकारकडून घ्यायची असते. १९९२ चा जैवविविधता करार आणि त्याखालचा नागोया प्रोटोकॉल (ऑक्टोबर २०१० मध्ये स्वीकारला गेला, १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू) यांच्या चौकटीत, दुसऱ्या देशातली जनुकीय सामग्री वापरण्याआधी त्या देशाची पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या (त्यातून होणारा फायदा वाटून घेण्याच्या) मान्य अटी लागतात. अन्न आणि शेतीच्या पिकांसाठी २००१ चा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे, जो २००४ मध्ये लागू झाला. त्याच्या मूळ यादीत ६४ पिकं आणि पीकगट आहेत. ज्वारी, मका, कसावा त्यात आहेत. सोयाबीन आणि भुईमूग नाहीत. तरी यादीत पीक आहे म्हणजे शेतकऱ्याच्या शेतातून बी उचलायला मोकळीक मिळाली असं नाही. तिथे त्या देशाचा कायदाच लागतो. ही कागदपत्रं व्हायला अनेक महिने जाऊ शकतात, आणि हंगाम कुणासाठी थांबत नाही. म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा.

संमती माणसाकडून घ्यायची असते, आणि ती चार भागांत मागावी असं माझं ठाम मत आहे: बोलणं ध्वनिमुद्रित करायला, तो आवाज संग्रहात ठेवायला, बी आणि पान न्यायला, आणि त्याच्या डीएनएची माहिती प्रसिद्ध करायला. एखादी बाई आवाज देईल पण बी देणार नाही, किंवा याच्या उलट करेल. एकाच कागदावर एकच सही घेतली की हा अधिकार तिच्या हातून निघून जातो. संमती तिच्या भाषेत, तोंडी, ध्वनिमुद्रित करून घेतली तरी चालते; बहुतेक नीतिमत्ता समित्या योग्य कारण दिल्यास ते मान्य करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी ही तिची मूल्यं आहेत. ती साध्या शब्दांत लिहिलेली आहे. काम कुठेही असो, निघण्यापूर्वी वाचावी.

हे सगळं औपचारिक वाटत असेल तर पिवळ्या घेवड्याचं प्रकरण आठवा. 'एनोला' या नावाने या घेवड्यावर अमेरिकेत १९९९ मध्ये पेटंट दिलं गेलं, आणि मेक्सिकोतल्या निर्यातदारांना त्याची झळ बसली. पुढे डीएनए चाचण्यांनी दाखवलं, की तो आधीपासून लागवडीत असलेल्या मेक्सिकन वाणांपासूनच आलेला आहे. २००८ मध्ये पेटंट कार्यालयाच्या मंडळाने ते दावे फेटाळले आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे दहा वर्षं गेली. जुन्या वाणाची नीट, तारखेसह, जाहीर झालेली नोंद अशा वेळी कामाला येते, आणि बेफिकीरपणे प्रसिद्ध केलेली माहिती दुसऱ्याच्या हातात आयती पडू शकते. समाजाला या दोन्ही शक्यता सांगूनच संमती मागा.

कोणाला विचारायचं, किती नमुने घ्यायचे

पेरूमधल्या अग्वारुना समाजाच्या कसावावर १९८० च्या दशकात झालेल्या कामात स्पष्ट दिसलं, की कसावा लावणाऱ्या स्त्रियांना वाणांची ओळख पुरुषांपेक्षा अधिक होती आणि नातेवाईक स्त्रियांची उत्तरं एकमेकींशी अधिक जुळत होती. म्हणून गावात गेल्यावर जो पुढे येऊन बोलतो त्यालाच माहितगार मानू नका. बियाणं कोण निवडतं, कोण साठवतं, कोण दुसऱ्याला देतं हे आधी पाहा आणि त्या व्यक्तीकडे जा. दुभाष्या घ्यावा लागला तर त्याला पूर्ण मोबदला द्या, आणि त्याचं नाव कुठे येणार हे कामाआधी ठरवा.

नमुन्यांचा हिशोब सोपा आहे. एखाद्या समूहात ५ टक्के वारंवारतेने असलेला अ‍ॅलील (जनुकाचा एक पर्यायी प्रकार) ९५ टक्के खात्रीने हाती लागायला हवा असेल तर त्या जनुकाच्या सुमारे ५९ स्वतंत्र प्रती लागतात. मक्यासारख्या परपरागीकरण होणाऱ्या पिकात एका झाडातून दोन प्रती मिळतात, म्हणून ३० झाडं पुरतात. ज्वारीत स्वपरागीकरण अधिक होत असल्याने दोन्ही प्रती बहुधा सारख्याच निघतात, म्हणून ६० च्या आसपास झाडं घ्यावीत. कसावासारख्या खोडाच्या तुकड्यांनी लावल्या जाणाऱ्या पिकात हा हिशोब लागू होत नाही; तिथे वेगळे क्लोन (एकाच झाडापासून झालेल्या हुबेहूब प्रतींचे गट) किती हाती आले ते महत्त्वाचं.

मात्र आपला प्रश्न नावांचा आहे. एका शेतकऱ्याकडून ६० झाडं घेण्यापेक्षा एकच नाव सांगणाऱ्या वीस शेतकऱ्यांकडून तीन-तीन झाडं घेणं कितीतरी अधिक उपयोगी ठरतं.

शेतातली नोंद

सगळ्या संशोधनाची मदार या पायरीवर आहे. नाव, बी आणि माणूस यांची गाठ शेतातच, एकाच वेळी बांधली गेली पाहिजे. भाषेचा अभ्यासक एका हंगामात शब्द गोळा करून गेला आणि जैवतंत्रज्ञ पुढच्या हंगामात पानं घेऊन गेला, तर ती गाठ नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने बांधता येत नाही. खर्च वाढला तरी दोघांनी एकत्र जावं.

वेळ कापणीच्या आधीची निवडा, बियाण्यासाठी कणसं बाजूला काढली जातात ती. ज्वारीच्या शेतातली एक नोंद अशी होते. शेतकरी बाई स्वतः कणीस निवडते. तुम्ही वाणाचं नाव तोंडातून काढायचं नाही, मागच्या शेतात ऐकलं असलं तरी. ध्वनिमुद्रण सुरू करून आधी नमुन्याचा कोड मोठ्याने बोला, मग विचारा, "याला काय म्हणता?" ती नाव सांगते. थोडं थांबून पुन्हा, मग तिसऱ्यांदा म्हणायला सांगा, आणि मग एखाद्या वाक्यात. एकटं उच्चारलेलं नाव आणि वाक्यातलं नाव यांत सूर, आघात, शेवटचा स्वर बदलू शकतात. त्यानंतर हळूहळू विचारा: हा कशावरून ओळखता, बी कोणाकडून आलं, कशासाठी ठेवता, आणखी कोणी याला वेगळं काही म्हणतं का? शेवटचा प्रश्न विसरू नका. समानार्थी नावं बहुतेक त्यातूनच हाती येतात.

आता त्याच झाडाचं कोवळं पान तोडा, कागदी पाकिटात घाला आणि ते पाकीट सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका हवी; पान २४ तासांच्या आत कडक वाळलं पाहिजे, हिरवं राहिलं पाहिजे. रंग बदलणारी सिलिका वापरा, म्हणजे ती कधी संपृक्त झाली ते दिसतं. कणीस कापडी पिशवीत. कोडची चिठ्ठी, मोजपट्टी आणि रंगपट्टी शेजारी ठेवून फोटो. तोच कोड पाकिटावर, पिशवीच्या आत, पिशवीच्या बाहेर आणि वहीत, सगळीकडे पेन्सिलीने, कारण ओल लागली की शाई पसरते.

कोड 'ग३-शे०७-न०२' असा असावा: तिसरं गाव, सातवी शेतकरी, दुसरा नमुना. त्यात वाणाचं नाव कधीही घालू नका. ते दिसलं की प्रयोगशाळेतल्या माणसाची नजर तटस्थ राहत नाही, आणि एकाच नावाची तीन स्पेलिंगं झाली की तीन वाण जन्माला येतात.

ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर करा. एमपी३ मध्ये बारीक ध्वनिभेद दाबले जातात, आणि नावांच्या अभ्यासात नेमके तेच हवे असतात. बाहेरचा माइक आणि वाऱ्यासाठी त्याचं आवरण घ्या, कानाला हेडफोन लावा. शेतातला वारा माइकवर किती घोंघावतो ते नुसत्या कानाने कळत नाही.

काही दिवसांनी ओळखीची चाचणी घ्या. सगळे नमुने कोडने, क्रम बदलून, वेगवेगळ्या शेतकऱ्यांसमोर ठेवा आणि प्रत्येकाला नाव विचारा. त्याच व्यक्तीला आणखी काही दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तरं किती जुळतात यावरून त्या समाजात नावावर एकमत किती आहे ते कळतं; यासाठी १९८६ पासून सांस्कृतिक एकमताचं संख्याशास्त्रीय प्रारूप उपलब्ध आहे. ही चाचणी सुट्या दाण्यांवरही घ्या आणि उभ्या पिकावरही. काही नावं उंचीवरून किंवा लवकर तयार होण्यावरून पडलेली असतात. दाणा पाहून ती कोणालाच सांगता येणार नाहीत.

नावांची फोड

नावं आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहा, जशी ऐकू आली तशी. ती 'शुद्ध' करू नका, दोन सारखी वाटणारी नावं एकत्रही करू नका. ध्वनी आणि लेखन जोडण्यासाठी नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेने तयार केलेलं एलान आणि ध्वनींच्या मोजमापासाठी प्रात ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत.

मग प्रत्येक नावाचे घटक वेगळे करा. 'लाल', 'उंच', 'लवकरचा' अशी वर्णनात्मक नावं इतिहासाबद्दल फार थोडं सांगतात, कारण लाल दाण्याला दहा भाषांत दहा लोक आपापलं लाल म्हणू शकतात. ज्या नावाचा त्या भाषेत अर्थच लागत नाही, किंवा जे उघड उसनं आहे, ते मोलाचं. ते बियाण्यासोबत आलं असण्याची शक्यता अधिक. गावाचं किंवा देशाचं नाव मात्र जपून वाचा. इटालियनमध्ये मक्याला तुर्की धान्य अशा अर्थाचं नाव आहे, आणि मका तुर्कस्तानातून निघालेला नाही. उसनेपणा सिद्ध करायला ध्वनिबदलांचे नियमित दाखले लागतात, नुसतं साम्य पुरत नाही.

प्रयोगशाळा आणि चाचणीचं शेत

डीएनए वेगळा काढायला १९८७ पासून रूढ असलेली सीटॅब पद्धत (त्यात वापरल्या जाणाऱ्या रसायनाचं हे नाव) वाळलेल्या पानांवर चांगली चालते. खुणांसाठी, म्हणजे वाण ओळखायला डीएनएतल्या ज्या जागा तपासायच्या त्यांसाठी, दोन मुख्य मार्ग: एसएसआर (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे), थोड्या नमुन्यांसाठी आणि छोट्या प्रयोगशाळेत जमणारं, आणि हजारो जागा एकदम तपासणारं एसएनपी (डीएनएतल्या एकेका अक्षराचा फरक). माझा कल एसएनपीकडे आहे, कारण जवळच्या नात्यातले वाण वेगळे ओळखायला थोड्या खुणा अपुऱ्या पडतात.

एक गोष्ट अजिबात टाळू नका. काही झाडांची पानं दोन वेगळ्या कोडखाली, प्रयोगशाळेला न सांगता पाठवा. या जोड्यांत १ टक्का खुणा वेगळ्या आल्या, तर तेवढी पद्धतीची चूक आहे, आणि दोन शेतांतल्या वाणांत १ टक्का फरक दिसला तर तो फरक मानायचा नाही. 'एकच वाण' म्हणायची मर्यादा अशी आपल्याच माहितीतून ठरते.

दरम्यान सगळ्या नमुन्यांचं बी एकाच शेतात पेरा. यादृच्छिक गट मांडणी (प्रत्येक गटात सगळे नमुने, क्रम चिठ्ठ्या टाकून), किमान तीन पुनरावृत्ती, जमल्यास दोन ठिकाणी. वेगवेगळ्या शेतांत घेतलेल्या उंचीच्या नोंदी वाणाइतक्याच जमिनीबद्दल बोलत असतात.

जुळवणी

इथला सगळ्यात मोठा धोका अंतराचा. जवळची गावं बहुधा एकच भाषा बोलतात आणि बीही एकमेकांकडूनच घेतात. त्यामुळे भाषा आणि डीएनए जुळले तरी त्यामागे निव्वळ शेजार असू शकतो. म्हणून तीन तक्ते करा: जनुकीय अंतर, भाषिक अंतर, प्रत्यक्ष अंतर. जमलं तर चौथाही, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतल्या फरकाचा. प्रत्यक्ष अंतराचा परिणाम बाजूला काढल्यावरही भाषेशी नातं उरतं का, हा खरा प्रश्न. १९६७ ची मँटेल चाचणी (अंतरांचे दोन तक्ते किती जुळतात ते पाहणारी) यासाठी सर्रास वापरली जाते, पण तिचा आंशिक प्रकार (तिसऱ्या तक्त्याचा परिणाम बाजूला काढणारा) कधी कधी नसलेलं नातं दाखवतो, म्हणून तिच्या एकटीवर विसंबू नका. अ‍ॅमोव्हाने (जनुकीय फरकाची वाटणी करणारी संख्याशास्त्रीय पद्धत) गटांमधला आणि गटांच्या आतला फरक मोजा, आणि स्ट्रक्चरसारख्या प्रोग्रॅमने, भाषेची माहिती न देता, गट आपोआप कसे पडतात ते पाहा.

सर्वांत चांगली जागा तीच, जिथे भाषेची सीमा आहे पण डोंगर-नदीची नाही. निवडता आली तर सुरुवातीलाच अशी जागा निवडा.

माहिती कुठे ठेवायची, काय परत द्यायचं

बी अधिकृत जनुकपेढीत, वाळवलेलं रोप वनस्पतिसंग्रहात, ध्वनिमुद्रणं भाषांच्या संग्रहात (२००३ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं पॅराडिसेक हे एक उदाहरण), आणि सगळीकडे तोच कोड. जनुकपेढ्यांच्या प्रमाण नोंदपत्रकात वाणाच्या नावासाठी जेमतेम जागा असते. ध्वनिमुद्रणाचा कायमस्वरूपी दुवा टिपणीच्या रकान्यात आग्रहाने घाला. माहिती खुली करताना २०१६ ची फेअर तत्त्वं (माहिती सापडावी, मिळावी, जुळावी आणि पुन्हा वापरता यावी) सगळे सांगतात. त्यांच्या जोडीला २०१९ ची केअर तत्त्वं वाचा, कारण माहितीवर मूळ समाजाचा अधिकार काय, हे ती विचारतात. शेतकऱ्यांची नावं आणि शेताचं नेमकं ठिकाण प्रसिद्ध माहितीत देऊ नका. कोड आणि व्यक्ती यांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा.

निष्कर्ष छापण्याआधी गावात सांगायला जा. तिथे अवघड क्षण येतो तो तिसऱ्या चौकटीचा: तुमचा डीएनए म्हणतो हे दोन वाण एकच, आणि समोरची बाई म्हणते वेगळे. तिला चूक ठरवून निघून येऊ नका. तुमच्या खुणा जनुकसंचाच्या थोड्याच भागावर आहेत. चियापासच्या मक्यात खुणांना न दिसलेला फरक कणसांत दिसत होता. ती कोणत्या गुणावरून वेगळं म्हणते ते पुन्हा विचारा, तो गुण चाचणीच्या शेतात मोजा, आणि लेखात दोन्ही निकाल शेजारी-शेजारी द्या. तिच्या भाषेतली वाणांची सचित्र यादी, प्रत्येक नावाच्या ध्वनिमुद्रणासह, गावात देऊन या, आणि ती तपासायला त्यांना एक हंगाम द्या. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या आल्यावरच अंतिम मसुदा पाठवा.